आखाजीच्या विटा

पांडेसऱ्याच्या आमच्या नाल्याकाठी आजवर जेवढी डोकी फुटली, तेवढे नारळ उभ्या सुरतेत फुटले नसतील. त्यातली निम्मी एका दिवसात फुटली, आणि तीही एका खोलीच्या बजेटपायी. ज्याला हे खोटं वाटतं त्याने खुशाल येऊन माझ्या टाळूवर बोट फिरवावं. तिथे एक खड्डा आहे. त्यात छटाकभर तेल उभं राहतं. तो कसा पडला ते ओघात येईलच.

नाला म्हणजे डाइंग मिलांचा. वर ज्या रंगाच्या साड्या चालू असतील, त्या रंगाचं पाणी खाली. लग्नसराईत लाल, मग हिरवा, मंदी आली की नुसता राखाडी. आमच्या काठावर शहादा-शिरपूरकडची माणसं, पलीकडच्या काठावर पारोळा-अमळनेरकडची. तेही खानदेशी, आम्हीही खानदेशी. तेही मिलमध्ये, आम्हीही मिलमध्ये. दोघांच्या ताटात तीच कळण्याची भाकरी आणि तोच ठेचा. सगळं सारखं, म्हणून वैर पक्कं.

आमच्या काठावर सुकलाल राहायचा. मिलमध्ये रंगाच्या मशीनवर होता, त्यामुळे कोपरापर्यंत हात कायमचे निळे. रागावून कुणाची मान धरली तर त्या माणसाच्या गळ्यात आठवडाभर निळा पट्टा दिसायचा. घर म्हणाल तर एक खोली, वर लाद्यांचं छत. त्या खोलीत सुकलाल, त्याची बायको मंगलाबाई, मुलगा गजेंद्र आणि मंगलाबाईचं शिलाई मशीन असे चौघे नांदत होते.

गजेंद्राचं लग्न पलीकडच्या काठावरच्या चंचलशी ठरलं होतं. चंचलची आई प्रमिलाबाई. तिने सुपारी फोडतानाच अट घातली होती: आधी वरची खोली, मग लग्न.

"मन्ही पोर काय शिलाई मशीनखाली झोपी का?" असं तिने भर मांडवात विचारलं होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की पंधरा दिवसांत लग्नाची तारीख होती. तोवर खोली उभी राहिली नाही, तर कडोदऱ्याचा एक मुलगा तिने हाताशी ठेवलेला होता. त्याच्या घराला म्हणे गच्ची होती, आणि गच्चीला कठडा.

तर बजेट. सुकलालने मिलमधला ताक्यांवर खुणा करायचा खडू आणला आणि दाराच्या आतल्या बाजूला सगळा हिशेब मांडला. समोर भिकन मिस्त्री बसला. स्लॅब, सळया, सिमेंट, रेती, विटा, प्लास्टर, फरशी, खिडकी, जिना. खाली बेरीज केली, तर ती दारात मावेना; शेवटचे आकडे चौकटीवर गेले.

"भिकन, हाई खोली शे का किल्ला?" मंगलाबाई म्हणाली.

"जिजी, पक्कं काम म्हटलं की एवढं लागतंच."

"तू पक्का शे, काम नंतर दखू."

आणि तिने बजेटवर हात टाकला. हात टाकला म्हणजे अक्षरशः. अंगठा ओला करायचा आणि एकेका बाबीचा गळा दाबायचा. फरशी मेली. प्लास्टर मेलं. खिडकी मेली. "खिडकी कसाले? नाला दखाले?" जिन्याच्या जागी भंगारातली लोखंडी शिडी आली. वरच्या खोलीच्या छताच्या स्लॅबवर मात्र भिकन आडवा पडला. थापी उगारून म्हणाला, स्लॅब नसेल तर मी नाही. मंगलाबाईने पोळपाट फेकला. पोळपाट भिकनच्या कानाची पाळी फाडून दारावर आदळला आणि नेमका स्लॅबच्या ओळीवरून घसरत खाली आला. दारावर स्लॅब उरला नाही आणि भिकनच्या कानातली बाळी सापडली नाही. पत्रा ठरला.

सुकलाल म्हणाला, "गजूनी माय, थोडं तरी प्लास्टर ऱ्हाऊ दे वं. निदान आतून."

तिने लाटणं उचललं. प्लास्टरचा विषय संपला.

असं सगळं मरून एकच बाब उरली, जिचा गळा दाबता येईना: विटा. भिंत हवेची बांधता येत नाही. दिवाळीचा बोनस, गजूचा ओव्हरटाइम आणि मंगलाबाईची भिशी यांतला निम्मा पैसा विटांत गेला. पावसाळ्याआधी कडोदऱ्याकडचे भट्टीवाले माल स्वस्तात काढतात, तेव्हा रोख देऊन त्यांनी एक ट्रक भरून घेतला. उरलेल्या निम्म्यात सिमेंट, रेती, पत्रे आणि भिकन. त्यातून एक वीट परत घ्यायची म्हटली तरी गुंजाइश नव्हती. त्या बजेटात वीट एकदाच येणार होती.

ट्रक आला आखाजीच्या आदल्या दिवशी. गल्ली अरुंद, म्हणून विटा नाल्याच्या काठावरच रचल्या. छान लाल, खणखणीत विटा. सुकलालने ढिगाला हार घातला, नारळ फोडला, आणि म्हणाला, "परवा काम चालू."

उद्या आखाजी आहे, आणि आखाजीला आपल्या बायका काय करतात, हे त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. मंगलाबाईच्याही नाही. आणि ती तर आमच्या काठाची सरसेनापती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. खानदेशात आखाजीला पोरीबाळी गौराई घेऊन नदीवर जातात, झोके खेळतात, गाणी म्हणतात. आणि आमच्याकडे दोन काठांवर दोन गावच्या बायका उभ्या राहिल्या की गाण्यांच्या शिव्या होतात आणि शिव्यांचे दगड होतात. पुरुषांनी मध्ये पडायचं नाही. पुरुषांनी निंबाखाली पत्ते कुटायचे. डोकं फुटलं तर हळद भरायची, मनात काही ठेवायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी एकमेकींकडे सांजोऱ्या पाठवायच्या. सुरतेत नदी लांब, म्हणून आम्ही नाल्यावर भागवलं. नाल्याचा कायदा एकच: जे ज्या काठावर पडलं, ते त्या काठाचं. ते उचलून परत मारता येतं, मागून घेता येत नाही.

आता गंमत बघा. चौऱ्याण्णवच्या प्लेगला दोन-तीन वर्षं झाली होती. प्लेगनंतर सुरत अशी झाडली होती, अशी झाडली होती, की गल्लीत खडा मिळेना. पूर्वी आमच्या नाल्याकाठी दगडांचा डोंगर होता. तो गेला. रस्ते डांबरी झाले, गटारांवर झाकणं आली. कुत्र्याला हाकलायचं तरी लोकांना घरातून कांदा आणावा लागे. त्या साली दोन्ही काठांच्या बायका गौराई घेऊन उतरल्या, ओचे खोचले, शिव्यांना सुरुवात झाली, आणि हात खाली गेले तर हाताला काही लागेना.

नाला त्या दिवशी पिवळा होता. वर कुठेतरी हळदी रंगाच्या साड्या चालू होत्या.

काही वेळ चपलांवर भागवलं. चपला संपल्या. मग झाडू, मग तवे. एका म्हातारीने कवळी काढून फेकली. ती पलीकडच्या एका पोरीच्या दंडाला चावली आणि सुटेना, तसंच तिला दवाखान्यात नेलं. पण हा सगळा पोरखेळ. हातात दगड नसेल तर शिवीला वजन येत नाही. आवाज पडायला लागले.

तेवढ्यात प्रमिलाबाई पलीकडच्या काठावर पुढे आली. अंगाने दणकट, कमरेला पदर आवळलेला, आवाज मिलच्या भोंग्यासारखा.

"काय वं मंगला! वरनी खोली कोठे शे? आभायमा शे का?"

पलीकडच्या साऱ्या बायका हसल्या. आभाळात खोली!

"खाली एक खोली, त्यात एक मशीन! तुना गजूले सांग, मशीनसंगे लगीन लाव!"

हे ऐकलं आणि मंगलाबाईचा हात आपोआप मागे गेला. आखाजीला हात मागे गेला की दगड लागतो, ही तिची बारा वर्षांची असल्यापासूनची सवय. हाताला काहीतरी लागलं. चौकोनी, खरखरीत, वजनदार. तिने बघितलंसुद्धा नाही.

"हाई ले तुनी वरनी खोली!"

ती वीट सुटली ती नाला ओलांडून प्रमिलाबाईच्या खांद्यावर बसली. हाडाचा आवाज आमच्या निंबापर्यंत आला. पत्त्यातल्या राजाने मान वळवून बघितलं. प्रमिलाबाई गुडघ्यावर बसली, उठली, तीच वीट उचलली आणि परत मारली. ती लागली आमच्याकडच्या एका बाईच्या जबड्यावर. तिने तोंडातून एक दात काढून नाल्यात टाकला आणि ढिगाकडे धावली. मग सगळ्याच धावल्या.

पुढचं कसं सांगू? आभाळ लाल झालं. विटेवर वीट हवेतच आदळायची आणि तिचा भुगा दोन्ही काठांवर पडायचा. बायका शेंदूर फासलेल्या देवीसारख्या दिसायला लागल्या. एकीची भुवई फाटली, एकीचं मनगट लटकलं, एकीचा कान सोलला गेला. रक्त गळत होतं आणि शिव्या थांबत नव्हत्या. एका विटेने पलीकडच्या तीन पत्र्यांना एकापाठोपाठ भोकं पाडली आणि चौथ्या घरात चुलीवरच्या पुरणात जाऊन बसली. एक वीट उधन्याच्या रस्त्यापर्यंत गेली म्हणतात, चालत्या बसच्या कंडक्टरने तिला तिकीट फाडलं. हे मी बघितलेलं नाही, म्हणून छातीठोकपणे सांगतो.

पोलीस आले. दोघे होते. त्यांनी बघितलं, बायका आहेत. टोप्या फुटू नयेत म्हणून काढून पिशवीत ठेवल्या आणि कोपऱ्यावर लोचो खायला गेले.

आमच्या बायका त्या दिवशी जिंकत होत्या. का नाही जिंकणार? मागे ट्रकभर दारूगोळा! पलीकडच्या मारायच्या, पण त्यांच्याकडे आमच्याच विटा, त्याही हातात आल्या तेवढ्याच. आमचा वर्षाव सुटला होता. पलीकडच्या बायका मागे मागे सरकत भिंतीला टेकल्या. मंगलाबाई दोन्ही हातांनी फेकत होती. अंगात वारं आल्यासारखी. प्रत्येक विटेबरोबर एक नवी शिवी, आणि एकही शिवी दुसऱ्यांदा नाही.

आणि तेवढ्यात सुकलाल आला. मिलला आखाजीची सुट्टी नव्हती. पहिली पाळी संपवून, डबा हलवत, निळ्या हातांनी विडी विझवत तो गल्लीच्या तोंडाशी आला आणि त्याने वर बघितलं. त्याचं घर हवेत होतं.

डबा तिथेच पडला.

"मन्या इटा शेत त्या! ए! मन्या इटा!"

पुरुषांनी मध्ये पडायचं नाही, हे तो विसरला. हात पसरून काठावर धावला, जणू एखादी वीट झेलून घेईल. एक झेललीही. ती पोटावर. दुसरी पाठीवर बसली, ती आमच्याच बाजूची होती. तो वाकला, तसाच रांगत बायकोपर्यंत गेला आणि तिचा परकर धरून ओरडला, "गजूनी माय! तू काय फेकी ऱ्हायनी, दख तरी!"

मंगलाबाईचा हात वर होता. तिने वर बघितलं. हातात वीट होती. तिने मागे बघितलं. मागे सुकलालने कालच घातलेला हार पडलेला होता, आणि लाल भुगा. ढीग नव्हता. हातातली वीट शेवटची होती.

मी पुष्कळ मारामाऱ्या बघितल्या, पण मार खाल्लेल्या माणसाचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला. तिला अजून एकही वीट लागलेली नव्हती.

पलीकडे प्रमिलाबाईच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. तिने एक बोट वर केलं आणि तिच्या बायका थांबल्या. तिने आपल्या काठावर नजर फिरवली. सगळीकडे विटा. चांगल्या, खणखणीत, कडोदऱ्याच्या.

"गोया करा वं सगळ्या," ती म्हणाली. बायकांनी विटा गोळा केल्या, ढीग रचला. प्रमिलाबाई ढिगावर चढली आणि फतकल मारून बसली. खांदा सुजून भोपळ्याएवढा झाला होता, पण चेहऱ्यावर दिवाळी होती.

"मंगला," ती म्हणाली, "आमच्याकडं बी वरची खोली नाही. आता होईल. जे ज्या काठावर पडलं ते त्या काठाचं. आणि पोरगी जाईल कडोदऱ्याला. तिथं गच्ची आहे."

ती हे सगळं अहिराणीत बोलली. मी मराठीत लिहिलं, त्यामुळे निम्मी धार गेली. तरी बघा, कापतं की नाही.

गजेंद्र आमच्याबरोबर निंबाखाली होता. आता उठला आणि नाल्यात उतरला. कमरेएवढ्या पिवळ्या पाण्यातून पलीकडे चालत गेला, सासूच्या ढिगाला हात लावायला. काठावर हात ठेवताच एकीने धुणं बडवायची मोगरी त्याच्या बोटांवर घातली, दुसरीने डोक्यावर. तिसरीने केस धरून पाण्यात बुचकळला. परत आला तो मुंडीपासून पायापर्यंत पिवळा.

"चला, पोऱ्याले हयद तरी लागनी!" प्रमिलाबाई वरून म्हणाली. तिकडचा काठ खदखदला. इकडे सुकलाल जमिनीवर बसून निळ्या हातांनी तोंड झाकून घेत होता.

मंगलाबाईने मात्र हातातली शेवटची वीट खाली ठेवली. नीट ठेवली, जिथे पहिला ढीग होता तिथे, सरळ. मग भिकनचं घमेलं उचललं, डोक्यावर पालथं घातलं आणि आमच्या सगळ्या बायकांना म्हणाली, "मागं व्हा. कोणी काही फेकायचं नाही. आलेल्या विटेला हात लावला तर हात तोडीन."

आणि एकटी काठावर जाऊन उभी राहिली.

तिने शिव्यांना सुरुवात केली. आधी नवऱ्यांवरून, मग माहेरावरून, मग माहेरच्या म्हशीवरून. प्रमिलाबाई ढिगावर बसून पदराने वारा घेत होती. तिच्या बायका दात खात होत्या, पण हलत नव्हत्या. बाईला हिशेब कळत होता: एक वीट फेकली की एक वीट गेली.

मग मंगलाबाई थांबली. तिने घमेलं मागे सरकवलं आणि आवाज खाली आणला. अगदी शेजारणीशी बोलावं तसा.

"मी तुमच्यावर ट्रकभर विटा टाकल्या. तुमच्यात एक खांदा धड नाही, एक दात जागेवर नाही. आणि माझ्याकडं बघा. ओरखडा तरी दिसतो का? पुढच्या आखाजीला गावी जाल, तर लोक काय म्हणतील? सुरतेत पारोळ्या-अमळनेरच्या बायका मार खाऊन विटांवर बसल्या. कोंबड्या बसतात तशा. पिलं निघाली की मला सांगा."

एकीने विटेला हात घातला. प्रमिलाबाईने तिच्या हातावर लाथ मारली. "बस! कोणी उठायचं नाही!"

तेवढ्यात मागून चंचल आली. लग्न ठरलेली पोर, म्हणून तिला त्या दिवशी आईने घरात कोंडून ठेवलं होतं. चेहऱ्याला लागू नये म्हणून. ती पत्रा वाकवून बाहेर पडली होती. अंगाने काडी, पण हात मिलमध्ये ताके उचलून दोरासारखे पिळलेले. तिने आईच्या बुडाखालची एक वीट ओढून काढली, साडी खोचली, दोन पावलं मागे गेली आणि मारली.

ती वीट घमेल्याच्या कडेखालून घुसली आणि मंगलाबाईची भुवई उघडली. रक्ताचा असा लोंढा आला की डावा डोळा बुडाला.

प्रमिलाबाई किंचाळली, "ए बाई! सासू शे ना ती तुनी!"

"म्हनीसनच!" चंचल दुसरी वीट उचलत म्हणाली. "लगीन व्हयनं का मंग कोठे माराले भेटस?"

झालं. त्या काठावर जेवढ्या लग्नाच्या पोरी होत्या, तेवढ्यांच्या अंगात ते वाक्य विजेसारखं शिरलं. त्यांच्यामागून ज्यांची लग्नं होऊन गेली होती त्या, आणि त्यांचा राग जास्त जुना होता. एकजात सगळ्या ढिगावर तुटून पडल्या. प्रमिलाबाई वर, खालून विटा उपसल्या जातायत, आणि बाई भरल्या पोत्यासारखी खाली खाली येतेय, "थांबा वं! खोली जाई ऱ्हायनी!" असं ओरडतेय. कोण ऐकतं?

विटा यायला लागल्या. मंगलाबाई जागची हलली नाही. उलट हात पसरून ओरडत होती, "मार वं! दम नही का? अजून! अजून!" घमेल्यावर विटा अशा वाजत होत्या की मिलवाल्यांना वाटलं पाळी सुटली, दोन मिलांतले कामगार घरी निघून आले. एक तिच्या बरगडीत बसली, एक गुडघ्यावर. ती गुडघ्यावर आली आणि गुडघ्यावरून शिव्या द्यायला लागली. दोनदा सुकलाल तिला ओढायला गेला, दोनदा तिने त्याच्या पोटात कोपर घातलं.

आणि मी निंबाखालून एक गोष्ट बघितली. बाकीच्या बायका मंगलाबाईवर मारत होत्या. त्यांच्या विटा तिला लागून फुटत होत्या. चंचलच्या विटा तिच्या डोक्यावरून जात होत्या. सपाट, न फिरता, तव्यावर भाकरी टाकावी तशा. आणि मागे त्या एकट्या विटेशेजारी अलगद येऊन बसत होत्या. एक थर झाला, दुसरा थर झाला. तिसऱ्या थराला तर तिने सांधे मोडून मारल्या, मिस्त्री रचतो तशा. भिकन फाटका कान धरून बघत होता. "हिला मी कामाला ठेवतो," तो म्हणाला.

पलीकडे विटा संपल्या. प्रमिलाबाई मोकळ्या जमिनीवर बसलेली होती. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि तीही शेवटी खानदेशाचीच. हिशेब गेला खड्ड्यात! घरात धावली आणि दोन माणसांनी उचलायचा दगडी पाटा एकटीने, तोही सुजल्या खांद्याने, उचलून आणला. गरगर फिरली आणि सोडला. त्या पाट्याच्या सावलीत सगळी गल्ली थंड झाली. तो मंगलाबाईच्या पुढ्यात असा रुतला की नाल्यातलं पिवळं पाणी उसळून दोन्ही काठांवरच्या बायकांच्या अंगावर आलं. पाट्यामागून वरवंटा आला.

वरवंटा कुठे पडला ते विचारू नका. टाळूवर बोट फिरवा.

सूर्य बुडाला. गौराई बोळवल्या. सकाळी पिवळा असलेला नाला संध्याकाळी केशरी होता. दोन्ही काठांची हळद संपली, तेव्हा उधन्याहून पोतं मागवलं.

दुसऱ्या दिवशी पलीकडून सांजोऱ्या आल्या, इकडून सांजोऱ्या गेल्या. ज्यांना चावता येत होतं त्यांनी खाल्ल्या.

भिकनने माल बघितला. अख्ख्या विटा भिंतीपुरत्या निघाल्या. फुटक्या इतक्या होत्या की त्याने त्या कुटून खोलीत झकास कोबा घातला, म्हणजे बजेटात मेलेली जमीन जिवंत झाली. नाल्याकडच्या भिंतीत मात्र चौकोनभर विटा कमी पडल्या. तेवढ्या पलीकडच्या घरांतच राहिल्या होत्या, पुरणात गेलेली धरून. भिकनने तिथे चौकट बसवली. मेलेली खिडकीही उठली. प्लास्टर काही उठलं नाही. पण विटांवर जागोजाग असे गडद डाग होते की सुकलाल म्हणाला, रंग तरी आपोआप लागला.

लग्नाच्या चार दिवस आधी प्रमिलाबाई खोली बघायला आली. एक हात झोळीत. शिडी चढून वर गेली, भिंतींवर थापा मारल्या, पत्रा वाजवून बघितला. खिडकीपाशी आली आणि थबकली. खिडकीखाली भिंतीत पाटा बसवला होता, बसायला ऐसपैस.

"हाऊ मना पाटा शे."

"असेल," मंगलाबाई म्हणाली. तिच्या भुवईला टाके होते, त्यामुळे एक डोळा कायम वटारलेला दिसत होता. "कोणत्या काठावर शे?"

प्रमिलाबाईचा धड हात भिकनच्या थापीकडे गेला. मंगलाबाईचा घमेल्याकडे. भिकनने शिडीचीही वाट बघितली नाही, वरून उडी मारली. पाय अजून लंगडतो. पण प्रमिलाबाईने हात मागे घेतला आणि ती पाट्यावर जाऊन बसली. खिडकीतून तिचं स्वतःचं दार समोर दिसत होतं.

"तारीख तीच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

लग्न झालं. गजेंद्राला हळद लावायला गेले तर अंगावर पहिलीच निघालेली नव्हती.

चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी मंगलाबाई चहा घेऊन वर गेली. चंचल पाट्यावर बसून वेणी घालत होती. मंगलाबाईने कप तिच्या हातात दिला आणि भुवईवर बोट ठेवलं.

"खरं सांगजो. पहिली इट तू ढिगावर मारी होती का मन्हावर?"

"तुमच्यावर," चंचल म्हणाली. "बाकीच्या ढिगावर."

मंगलाबाईने मान हलवली. उत्तर पटलं असावं. कारण तिने खालून एक सांजोरीही आणून दिली. मग दारातून वळून विचारलं, "पुढच्या आखाजीला रीतीप्रमाणे तू माहेरी जाणार. म्हणजे त्या काठावर उभी राहणार, नाही का?"

चंचलने खिडकीबाहेर बघितलं. पलीकडे तिची आई एका हाताने दार झाडत होती.

"नाही आत्याबाई. मी इथंच बसेन, खिडकीत. इथून दोन्हीकडं पोचतं."